केटामाइन हे नशेचं औषध ना? मग डिप्रेशनवर ते कसं काय देतात?

नशेचं म्हणून बदनाम आहे खरं, पण मुळात ते भूल देण्याचं औषध. १९६२ साली अमेरिकेत तयार झालं, आपल्याकडेही ऑपरेशन थिएटरात रोज वापरतात.

डिप्रेशनसाठीचा डोस भुलेपेक्षा बराच कमी असतो: साधारण वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम, सलाइनमधून चाळीसेक मिनिटांत. तेवढ्यात माणूस झोपत नाही, पण आपण शरीरापासून सुटून बाजूला तरंगतोय असं काहींना वाटतं. काहींना त्याची भीती वाटते, बीपीही चढतं. म्हणून घरी घ्यायची ही गोष्टच नाही.

नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, याचा परिणाम काही तासांत दिसू शकतो. गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात, हे ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेवर. नेमकं कशामुळे बरं वाटतं यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आणि गोम अशी, की एका डोसचा असर बहुतेकांत आठवडाभरात ओसरतो, मग पुन्हा घ्यावा लागतो.

याचाच भाऊबंद एस्केटामाइन. त्याच्या नाकातल्या स्प्रेला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, तीही इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी. फवारल्यावर दोन तास तिथेच बसवून ठेवतात आणि त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत.

आपल्याच मनाने केटामाइन सतत घेणाऱ्यांचं मूत्राशय कायमचं बिघडू शकतं, सवय लागते ती वेगळीच. भारतात ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. विचार असेल तर आधी सायकिअ‍ॅट्रिस्टला गाठा. पूर्वी कधी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झाला असेल तर तेही सांगा.