बिनकडेच्या चष्म्याला कोणती काच? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न रिमलेस (काचेभोवती कडच नसलेले) आणि हाफ रिमलेस (खालची कड नसलेले, काच दोऱ्याने धरलेली) चष्म्यांबद्दलचे आहेत. हाफ रिमलेसला दुकानदार ‘सुप्रा’ म्हणतात. एरवी फ्रेम काचेला सांभाळते. या चष्म्यांत मात्र काचेलाच दांड्यांचा आणि नाकावरच्या पुलाचा ताण सोसावा लागतो, आणि खालची उत्तरे त्या दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : माझा दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाच आहे. रिमलेस घ्यायचा असेल तर १.७४ इंडेक्सचीच काच घ्या, ती सर्वांत पातळ असते, असे दुकानदाराने सांगितले. किंमत बरीच आहे. घ्यावी का? (दादर)

इंडेक्स म्हणजे काच प्रकाश किती वाकवते याचे माप; तो जितका जास्त, तितकी त्याच नंबरची काच पातळ. उणे नंबरची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. कडेची जाडी नंबर आणि इंडेक्स यांच्याइतकीच काचेच्या आकारावर अवलंबून असते, कारण मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की वाढणारी जाडी जवळजवळ चौपट होते. दुकानात इंडेक्सची चर्चा भरपूर होते, आकाराची क्वचितच.

आपल्या दोन बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे पीडी, ६२ मिलिमीटर आहे असे धरू. ५४-१८ मापाची (काचेची रुंदी ५४, नाकावरचा पूल १८ मिलिमीटर) मोठी फ्रेम घेतली, तर काचेचा दृष्टिकेंद्रबिंदू दर डोळ्यामागे ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो आणि कानाकडची कड केंद्रापासून ३२ मिलिमीटर दूर जाते. तेथे मध्यापेक्षा साधारण ५.१ मिलिमीटर जास्त जाडी साध्या १.५० च्या काचेत येते, १.७४ मध्ये ३.५. त्याऐवजी ४६-१८ ची फ्रेम घेतली, तर हेच अंतर २४ मिलिमीटरवर येते आणि साध्या काचेतही वाढ २.९ मिलिमीटरच राहते. म्हणजे मध्याची जाडी सारखी धरली, तर लहान आकारातील साधी काच मोठ्या आकारातील सर्वांत महाग काचेपेक्षा पातळ ठरते. लहान आकारात १.६० घेतल्यास वाढ २.४ पर्यंत येते. मध्याची जाडी यात अर्थातच मिळवावी लागेल.

माझा कौल लहान आकार आणि १.६० ला आहे. १.७४ ची काच तुलनेने ठिसूळ असल्यामुळे भोक पाडून स्क्रूवर टांगण्यासाठी मी ती पसंत करत नाही, तर चांगल्या प्रतीची १.६० ड्रिलिंग नीट सोसते. शिवाय रंगांचे विखुरणे मोजणारा ॲबे अंक १.६० मध्ये ४० च्या आसपास आणि १.७४ मध्ये ३३ च्या आसपास असतो. हा अंक जितका कमी, तितकी काचेच्या कडेतून पाहताना अक्षरांना रंगीत झालर जास्त दिसते. इंडेक्स वाढला की परावर्तनही वाढते, म्हणून १.६० च्या पुढे परावर्तन कमी करणारे कोटिंग, ज्याला दुकानात एआरसी म्हणतात, ते टाळू नये. कडा पॉलिश करून घ्याव्यात की नाही, हा आवडीचा प्रश्न आहे : पॉलिश केलेली कड पारदर्शक होते, पण तिच्यातून प्रकाशाची चमक डोळ्यांत येण्याची तक्रार काही जण करतात.

प्रश्न : मी रोज चर्चगेटला लोकलने जाते. नंबर उणे सव्वादोन. रिमलेसच्या साध्या फायबर काचेला स्क्रूच्या भोकापासून तडा गेला. आता पॉली की ट्रायव्हेक्स? (गोरेगाव)

आपण ज्याला फायबर म्हणतो ते सीआर-३९ हे प्लास्टिक पाहायला उत्तम आहे. त्याचा ॲबे अंक ५८ आहे. पण भोकाच्या काठाशी ताण साचला की त्याला तडा जातो, म्हणून रिमलेससाठी ते मी सुचवत नाही. पॉली, म्हणजे पॉलिकार्बोनेट, आघात फार चांगला सोसते. त्याची दोन दुबळी अंगे अशी : ॲबे अंक जेमतेम ३० असतो, आणि नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनसारखी द्रावणे लागल्यास किंवा स्क्रू जास्त आवळल्यास भोकाभोवती बारीक तडे उमटू शकतात.

आपल्या नंबरला ट्रायव्हेक्स, हे चष्म्याच्या काचेचे दुसरे चिवट प्लास्टिक, योग्य ठरेल. तिचा इंडेक्स १.५३ असल्यामुळे ती पॉलीपेक्षा किंचित जाड होईल, पण सव्वादोनला हा फरक नगण्य आहे. घनता १.११ इतकी कमी असल्याने नाकावरचा भार हलका राहतो आणि भोकाशी ती चिवट असते. साडेपाचच्या लोकलमध्ये मात्र कोणत्याही रिमलेसची दांडी वाकणारच. गर्दीत शिरण्यापूर्वी चष्मा कडक डबीत ठेवणे शक्य असेल तर ठेवावा. चष्मा एका हाताने ओढून काढण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण तो सगळा पीळ भोकांवर येतो.

प्रश्न : माझ्या सुप्रा चष्म्याच्या काचेच्या खालच्या कडेचा दोनदा टवका उडाला. नंबर अधिक दीड. काच वाईट की काम वाईट? (मुलुंड)

बहुधा काच कडेला फार पातळ आहे. अधिक नंबरची काच मध्यभागी जाड आणि कडेला पातळ असते, आणि नायलॉनचा दोरा बसवण्यासाठी त्याच पातळ कडेत खाच पाडावी लागते. खाचेच्या दोन्ही बाजूंना पुरेसे प्लास्टिक उरायचे असेल, तर सर्वांत पातळ जागीही कड सुमारे २ मिलिमीटर हवी. काच मागवतानाच ‘सुप्रासाठी’ असे स्पष्ट सांगितले, तर प्रयोगशाळा तेवढी जाडी ठेवते. नुसताच नंबर लिहून पाठवला, तर कारागीर कितीही कुशल असला तरी त्याच्या हाती फारसे उरत नाही. पुन्हा करताना साध्या काचेऐवजी ट्रायव्हेक्स किंवा पॉली घ्यावी.

दोरा सैल पडला तर काच निसटते आणि तो फार ताणला तर खाचेवर ताण येतो. पिवळा किंवा कडक झाला की बदलून घ्यावा, खर्च किरकोळ असतो. आपल्याला सिलिंडर नंबर (ठरावीक दिशेतच, म्हणजे अक्षावर, बसवावा लागणारा नंबर) असेल, तर अगदी गोल आकार टाळावा, कारण सैल दोऱ्यात गोल काच फिरते आणि अक्ष बदलतो.

प्रश्न : वय ४८. प्रोग्रेसिव्ह काचा रिमलेसमध्ये बसतात का? (गिरगाव)

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर दूरचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेल्या काचा, बसतात. उलट एक सोय अशी, की भोकांची जागा तीच ठेवून काचेचा आकार बराच बदलता येतो. दुकानातला नमुना उंचीला कमी असेल, तर काच खोल कापून मागता येते. बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत १६ ते १८ मिलिमीटर तरी मिळावेत, नाहीतर वाचनाचा भागच कापला जातो. माप घेण्याआधी दांड्या आणि नोज पॅड आपल्या चेहऱ्यावर बसवून घ्यावेत. स्क्रू ढिले झाले की काच खाली उतरते आणि वाचनाची जागा चुकते, त्यामुळे दर काही महिन्यांनी चष्मा दुकानात दाखवावा.

प्रश्न : उन्हात काळी होणारी काच रिमलेसला चालेल का? (वरळी)

चालेल, ती ट्रायव्हेक्स, पॉली आणि १.६० मध्ये मिळते. अपेक्षा मात्र माफक ठेवावी. ती अतिनील किरणांनी गडद होते आणि उष्णतेत कमी गडद होते, म्हणून मे महिन्यात ती थंडीतल्याइतकी काळी पडणार नाही. गाडीची पुढची काच बरीचशी अतिनील किरणे अडवते, त्यामुळे सी-लिंकवर गाडी चालवताना ती जवळजवळ पांढरीच राहील. त्यासाठी वेगळा गॉगल घ्यावा लागेल.