सांता फेचं 'हाऊस ऑफ इटर्नल रिटर्न' दोन तासांत बघून होतं का? कोडी आधीच वाचून गेलेलं बरं का?

दोन तासांत होत नाही. आणि कोडी अजिबात वाचून जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की डेन्व्हरहून ग्रँड कॅन्यनला जाताना आई-बाबा आणि दोन मुलांना घेऊन न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला थांबून हे घर, म्हणजे म्याव वुल्फ या कलाकारांच्या गटाने उभारलेलं, आत शिरून बघायचं कोड्यांचं कलाघर, बघणार, दुपारी एक ते तीन एवढाच वेळ आहे, म्हणून तिथल्या तिजोरीचा कोड आणि गोष्ट यूट्यूबवर आधीच बघून ठेवणार, 'म्हणजे वेळ वाचेल'. बाकी प्रश्न मी सोडून दिला असता, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही नेमकं हेच करून बसलो आहोत.

२०१९च्या मे महिन्यात माझा दादा पुण्याहून आमच्याकडे डेन्व्हरला आला होता. तो, वहिनी आणि अकरा वर्षांची भाची. नऊ दिवसांची सुट्टी आणि त्यात डेन्व्हर, सांता फे, ग्रँड कॅन्यन, लास व्हेगस. दादाने पुण्यात बसूनच तासातासाचं वेळापत्रक केलं होतं आणि त्यात म्याव वुल्फच्या या घराला दोन तास होते. मी फोनवर सांगितलं होतं की किमान चार ठेव. तो म्हणाला, 'अगं, लहान मुलांचं खेळघर ते, दोन तास खूप झाले.'

खेळघर नाही ते. तिथे आधी बोलिंगची जागा होती, ती बरीच वर्षं बंद पडून होती. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन त्याच गावात राहतात. त्यांनी ती विकत घेतली आणि म्याव वुल्फच्या कलाकारांना भाड्याने दिली. २००८मध्ये एकत्र आलेली ही तरुण मंडळी, गॅलरीवाले ज्यांना विचारत नव्हते अशी. नावसुद्धा टोपीत कागदाचे कपटे टाकून, त्यातले दोन उचलून ठरवलेलं. २०११मध्ये त्यांनी गावातल्याच एका कलाकेंद्रात आख्खं जहाज बांधलं होतं, लोकांनी आत शिरून हात लावून बघायचं असं. मग मार्च २०१६मध्ये हे घर उघडलं. सुमारे २०,००० चौरस फूट, सत्तरच्या वर खोल्या, शंभरावर कलाकारांचं काम. सांता फेची वस्ती लाखाच्या आत, आणि पहिल्याच वर्षी तिथे चार लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली.

आत गेल्यावर समोर रात्रीचा काळोख आणि त्यात एक दुमजली, जुन्या थाटाचं लाकडी घर उभं असतं. सेलिग नावाच्या कुटुंबाचं, कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावचं. घरात काहीतरी घडलंय, माणसं दिसत नाहीत, आणि घराला जागोजागी दुसऱ्या जगात जाणाऱ्या वाटा फुटल्यात. काय घडलं ते तुम्ही शोधायचं. कोणी सांगायला येत नाही, बाणाच्या पाट्या नाहीत. बाहेरची टपालपेटी उघडा, आत पत्रं आहेत. ती वाचा. मुलांच्या वह्या, आईबापांची कागदपत्रं, कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ, भिंतीवरचे फोटो, सगळ्याला हात लावायचा, सगळं उघडून बघायचं.

माझी भाची टपालपेटीपाशीच थांबली. बाकीची पोरं किंचाळत आत पळत होती आणि ही चाळीस पानी वही काढून पत्रातली नावं लिहून घेत होती. कोण कोणाचं कोण. मग बैठकीच्या खोलीत गेली, फोटोंतले चेहरे नावांशी जुळवले. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. तो भिंतीतल्या शेकोटीच्या भोकातून रांगत आत शिरला आणि पलीकडच्या गुहेत त्या प्रचंड हाडांच्या सापळ्यापाशी रमला. त्या बरगड्यांवर ठोकलं की त्या उजळतात आणि सूर निघतात. अनोळखी चार पोरं आणि तो, मिळून वाजवत बसले होते. मधूनच पळत येऊन ताईला सांगायचा, 'कपड्यांच्या मशीनमधून घसरगुंडी आहे!' ती मान वर न करता म्हणायची, 'थांब, येते.' आणि लिहायची.

मी तिच्या मागे मागे होते, मुद्दाम. तासाभरात तिची सहा पानं भरली होती. एका पानावर घराचा नकाशा, कोणत्या खोलीतून कुठे निघता येतं त्याचे बाण. एका पानावर तारखा, एकाखाली एक, आणि दोन तारखांभोवती गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह. काही इंग्रजी शब्द तिला अडले, ते मला विचारले. अर्थ विचारला, उत्तर विचारलं नाही. मलाही उत्तर माहीत नव्हतंच.

मग आम्ही तिजोरीपाशी आलो. तिचा कोड घरातच दडलेला आहे, हे तिने स्वतः ताडलं होतं. खाली बसली, वही मांडीवर घेतली, पानं मागे-पुढे करत पुटपुटायला लागली. शेजारी एक अमेरिकन मुलगा आणि त्याची आई, तीही डोकं लावत होती. मुलगा हिच्या वहीत डोकावला, तिने वही त्याच्याकडे सरकवली. दोघांची भाषा धड जुळत नव्हती, पण बोटं एकाच ओळीवर होती.

तेवढ्यात दादा आला. पावणेतीन वाजले होते. त्याने पार्किंगमध्येच व्हिडिओ बघून ठेवला होता. म्हणाला, 'अजून इथेच? सरक, मला माहितीये.' आणि मोठ्याने आकडे म्हणत तिजोरी उघडली.

भाची काही बोलली नाही. तिने पेनाला टोपण लावलं. तो टक्क आवाज मला अजून ऐकू येतो. वही मिटून माझ्या हातात दिली आणि तिजोरीत काय आहे ते न बघता बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसली. त्या मुलाच्या आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दुसऱ्या खोलीत घेऊन गेली. दादा आत काय आहे ते बघत होता आणि आम्हाला बोलावत होता.

गाडीत भांडण झालं. तो म्हणाला, 'उत्तर मिळालं ना? मग झालं.' हे वाक्य मी त्याच्या तोंडून आधीही ऐकलंय.

आम्ही मिरजेला वाड्यात राहायचो. मे महिन्यात बाबा आमच्यासाठी चिठ्ठ्यांचा खेळ करायचे. पहिली चिठ्ठी हातात द्यायचे, तिच्यात दुसरीचा पत्ता कोड्यात. 'तोंड आहे पण बोलत नाही, पोट आहे पण जेवत नाही' म्हणजे रांजण. रांजणामागे दुसरी चिठ्ठी. अशा आठ-दहा, आणि शेवटी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. बाबा शाळेतून आल्यावर रात्री बसून ती कोडी जुळवायचे. एका वर्षी मी नऊ वर्षांची होते आणि पहिल्यांदाच एकटीने सात चिठ्ठ्या सोडवल्या होत्या. आठवी हातात घेऊन देव्हाऱ्यापाशी उभी होते, तर दादा माळ्यावरून उतरला, तोंडात गोळी. बाबा पुडी ठेवताना त्याने पाहिलं होतं. मी रडत बाबांकडे गेले. बाबा हसले आणि म्हणाले, 'पोरगा हुशार आहे.'

बाबा आता नाहीत. माझा त्यांच्यावर राग नाही, पण ते चुकले होते आणि हे मी आता लेखी म्हणते. ज्याने पुडी पाहिली त्याने कोडं सोडवलं नव्हतं. त्यांनी रात्री जागून लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याने वाचल्याच नाहीत. वाचल्या मी.

म्हणून तुम्हाला सांगते, तो व्हिडिओ बघू नका. त्या घरात शेवटी बक्षीस नाही. तिजोरी उघडली म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही, न उघडली म्हणून बाहेरचं दार अडत नाही. ठरलेल्या वेळात कोडी सोडवून बाहेर पडायच्या एस्केप रूमसारखं घड्याळ लावलेलं नसतं. तिथे आहे ते फक्त शोधणं. तेच यूट्यूबवर उरकायचं असेल तर तिकिटाचे पैसे कशाला घालवता?

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी मुलाला घेऊन परत गेले. आय-२५ महामार्गाने डेन्व्हरहून सरळ सहा तास. भाचीची वही माझ्याच पर्समध्ये राहिली होती, ती नेली. दादाने म्हटलेले आकडे मी ऐकले होते, पण ते लक्षात ठेवले नव्हते. मुद्दाम. वहीतल्या बाणांवरून एकेका खोलीत फिरले आणि तिने गोल केलेल्या जागा पुन्हा बघितल्या. पोरीने जवळपास सगळं जमवलं होतं. एकच दुवा राहिला होता, आणि तो ज्या पानावर सापडायचा होता तेच पान ती तिजोरीपाशी उघडून बसली होती. अजून पाच मिनिटं लागली असती. फार तर दहा.

मी रात्री हॉटेलातून पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती शाळेच्या तयारीत. तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'आत्या, ते तारखांचं माझं बरोबर होतं ना?' म्हटलं, बरोबर होतं. दादाला फोन दे म्हटलं, तर तो आंघोळीला गेला होता. त्याला ते सगळं मी नंतर सविस्तर लिहून पाठवलं. 'ओके' एवढं उत्तर आलं.

आता तुमच्या कामाचं. चार तास ठेवा. नसतील तर त्या दिवशी मुक्काम सांता फेला करा आणि कॅन्यन दुसऱ्या दिवशी ठेवा, ते काही कुठे जात नाही. तिकीट वेळ ठरवून आधी काढा आणि दर त्यांच्या साइटवरच बघा, ते दिवसानुसार बदलतात. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत पत्रं वाचायला मिळत नाहीत, मागचा माणूस हातातून घेतो. मुलांना एकेक वही आणि पेन द्या. फोन खिशात ठेवा, तुमचा सुद्धा.

कोडी सोडवायलाच हवीत असं नाही, हे मात्र खरं. माझ्या मुलाने एक अक्षर वाचलं नाही आणि त्याचा दिवस भाचीपेक्षा चांगला गेला. हाडं वाजवली, धुक्याच्या खोलीत प्रकाशाच्या तारांना हात लावून वीणेसारखे सूर काढले, झाडांवरच्या घरांत चढला. तुमच्या आई-बाबांना इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर त्यांनीही असंच करावं, काही अडत नाही. माझा राग न वाचणाऱ्यावर नाही, दुसऱ्याचं वाचणं मध्येच तोडणाऱ्यावर आहे.

तुमच्या बाबांचे गुडघे दुखत असतील तर शेकोटीच्या वाटेने नेऊ नका, वाकावं लागतं. सांता फे समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांवर आहे, पाणी पीत राहा. आत काही ठिकाणी दिवे लखलखतात आणि आवाजही बराच असतो. कोणाला फिट्स येत असतील किंवा अर्धशिशी असेल तर दारावरच्या माणसांना विचारून त्या खोल्या टाळा. आणि आमच्या डेन्व्हरलाही २०२१पासून म्याव वुल्फचंच 'कन्व्हर्जन्स स्टेशन' आहे, चार मजली. वेळ अगदीच नसेल तर निघायच्या आदल्या दिवशी ते बघा. पण पहिलं बघायचं तर सांता फेचंच, कारण तिथे गोष्ट एका घराची आहे आणि घर कळायला कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

दादाबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. नऊ दिवसांच्या सुट्टीत त्याला लेकीला सगळं दाखवायचं होतं. ती खोळंबलीये असं त्याला वाटलं आणि तो मदत करायला गेला. मला ते कळतं. पटत नाही.

आई-बाबांना आत गेल्यावर आधी स्वयंपाकघरात न्या. साधंच आहे, ओटा, कपाटं, फ्रिज. फ्रिजच्या आत उजेडाची वाट आहे आणि त्यातून चालत पलीकडे जाता येतं. बऱ्याच जाहिरातींत तेच असतं, म्हणून तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगू नका. दोन पावलं मागे उभे राहा आणि दार त्यांनाच उघडू द्या.