दुसरी गिटार काय करते?

प्रश्न : लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकत आलो आहे. ताल, आवर्तन, समेवर येणं हे सगळं अंगवळणी पडलेलं. अलीकडे मुलीनं बार्नी केसेल, हर्ब एलिस आणि चार्ली बर्ड या तिघा जॅझ गिटारवादकांच्या मैफलीचं चित्रीकरण दाखवलं. तिघंही चांगले मुरलेले. ऐकायला फार आवडलं, पण ठरवून आणलेलं किती आणि तिथल्या तिथं सुचलेलं किती, याचा पत्ता लागेना. एक जण वाजवत असताना बाकीचे दोघं नेमकं काय करत असतात? आणि अशा वादनात कान ठेवायचा तरी कुठे?

उत्तर : जो सोलो घेत नाहीये, म्हणजे त्या वेळी पुढे येऊन एकट्यानं वाजवत नाहीये, त्याच्यावर. गिटार शिकवायला लागल्यापासून मी हेच सांगत आले आहे. सोलो घेणाऱ्याकडे लक्ष आपोआप जातं, त्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. पण तीन गिटारी एकत्र वाजताहेत आणि तरीही गलका होत नाही, ही करामत साथ करणाऱ्यांची असते. मुरलेला वादक आणि नुसता हात तयार असलेला वादक यांच्यातलं अंतर तिथेच दिसतं.

आधी चौकट समजून घेऊ. तुम्हाला आवर्तन मोजता येतं म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. जॅझमधल्या पुष्कळ जुन्या चाली ३२ बारांच्या असतात. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं लांबलचक आवर्तन. त्याचे आठ-आठ बारांचे चार भाग : पहिली ओळ, पुन्हा तीच, मग वेगळ्या वाटेनं जाणारा ‘ब्रिज’ आणि परत पहिली ओळ. ब्लूज या प्रकारातली चाल असेल तर १२ बार, ४८ मात्रा. सुरुवातीला मूळ चाल वाजते. मग तीच चौकट फिरत राहते, एकेक जण तिच्यावर आपलं काही रचत जातो आणि शेवटी मूळ चाल पुन्हा येते. चाल, तिचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ), पट्टी आणि सोलोंचा साधारण क्रम एवढं ठरलेलं असतं. तुम्ही पाहिलेले तिघं १९७३ पासून ‘ग्रेट गिटार्स’ या नावानं एकत्र वाजवत. ते कधी कधी मूळ चाल तीन गिटारींवर वेगवेगळ्या स्वरांत बांधूनही आणत. ती बांधीव जागा चटकन ओळखता येते, कारण तिघांची बोटं एकाच क्षणी हलतात. पुढचं जवळपास सगळं त्या क्षणाचं.

एक गोष्ट मात्र तुमच्या कानाला नव्यानं शिकावी लागेल. आपल्याकडे तानपुरा एकच षड्ज धरून असतो. इथे खालचा कॉर्ड दर बारला, कधी तर दोन मात्रांत बदलतो. तोच ‘सी’ स्वर सी मेजर या कॉर्डवर निवांत बसतो, डी मायनरवर तो मूळ स्वरापासून सातवा होतो आणि कुठे तरी उतरायला बघतो, ए-फ्लॅट मेजरवर एकदम गोड लागतो. त्यामुळे एखाद्यानं एकच स्वर लांबवला तर ‘सोपंच वाजवतोय’ असं ठरवू नका. वर तो स्थिर आहे आणि खाली जमीन सरकते आहे, ही मजा आहे.

आता बाकीचे दोघं. गिटारला गिटारची साथ करणं मुळातच अवघड. पियानोला ८८ पट्ट्या असतात. गिटारचा पल्ला जेमतेम चार सप्तकांचा, त्यातही सगळ्यांचा जीव मधल्या भागात. एकाच अरुंद दारातून दोघांनी एकदम शिरायला बघावं तशी गत होते. मग कुणी तरी बाजूला व्हायचं. कसं व्हायचं, याच्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

फ्रेडी ग्रीनची तऱ्हा सगळ्यांत साधी वाटते आणि सगळ्यांत कठीण आहे. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदात हा गिटारवादक १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिला. दर मात्रेला एक आघात, गिटारला विजेची जोड नाही, सोलो जवळजवळ नाहीच. पुष्कळदा पूर्ण कॉर्डही नाही. खालच्या एकदोन तारांवर स्वर, बाकीच्या तारा बोटांनी दाबून मुक्या केलेल्या. ५० वर्षं हा माणूस त्या एका कामात रमला होता, आणि त्याच्याशिवाय तो वाद्यवृंद तसा चालला नसता असं माझं पक्कं मत आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे कॉर्डमधला, मूळ स्वरापासून मोजून, तिसरा आणि सातवा स्वर तेवढेच ठेवायचे. कॉर्ड मेजर आहे की मायनर, हे तिसरा सांगतो. पुढची ओढ कुठे आहे, हे सातवा सांगतो. मूळ स्वर बेसवाला देतोच आहे. दोन स्वरांत काम भागतं आणि वरच्या तारांचा सगळा प्रदेश सोबत्याला मोकळा मिळतो. तिसरी तऱ्हा बेसवाला नसेल तेव्हाची : खालच्या तारांवर चालता बेस, म्हणजे मात्रेमात्रेला पुढे सरकणारी खर्जाची ओळ धरायची आणि मधूनच कॉर्डचा एखादा ठिपका द्यायचा. गिटारवादक जो पास हे असं करायचा की दोन माणसं वाजवताहेत असं वाटावं. आणि चौथी तऱ्हा म्हणजे हात तारांवरून उचलून ठेवायचा. ही सगळ्यांत उशिरा येते.

तुमच्या चित्रीकरणात एलिसचा हात बघा. केसेल आणि एलिस हे दोघं पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या त्रयीतून एकामागून एक गेलेले. १९५३ मध्ये केसेल बाहेर पडला आणि त्याच्या जागी एलिस आला. त्या त्रयीत पियानो, बेस आणि गिटार होती, ड्रम नव्हते. लय धरायची जबाबदारी गिटारवर यायची. एलिस तारा मुक्या करून त्यांच्यावर ठोके द्यायचा आणि ड्रमची उणीव भरून काढायचा. अशा तालमीतून आलेला माणूस साथीला असला की पुढच्याला लयीची चिंता उरत नाही. बर्डची गोष्ट वेगळी. तो नायलॉनच्या तारांवर बोटांनी वाजवायचा, पिक (तार छेडायची चकती) नाही. १९५४ मध्ये इटलीत सेगोव्हिया या पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारवादकाकडे शिकून आलेला. त्याचा आवाजच निराळा असल्यामुळे तो त्या दोघांच्या वाटेत येत नाही. तिघांची निवड किती विचारानं झाली आहे, हे एवढ्यावरून कळावं.

जवळून काय दिसतं तेही सांगते. एका छोट्या सभागृहात दोन पिकल्या केसांच्या गिटारवादकांना मी अगदी पुढे बसून ऐकलं आहे. एकाचा सोलो संपत आला की त्याच्या उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या आवाजाच्या बटणाकडे जायची आणि शेवटचा स्वर हवेत असतानाच ते किंचित मागे फिरायचं. दुसऱ्याला जागा मिळाली, हे प्रेक्षकांना कळण्याआधी त्याला कळलेलं असायचं. एकदा पहिल्यानं खाली उतरणाऱ्या तीन स्वरांवर सोलो सोडला. दुसऱ्यानं तेच तीन स्वर उचलले, पण उलटे, वर चढणारे, आणि अर्धी मात्रा उशिरा. पहिला खुदकन हसला. साथीत तो आता त्याच तीन स्वरांच्या शेवटी एकेक कॉर्ड ठेवू लागला. पुढे ब्रिज आला तेव्हा त्यानं हात मांडीवर ठेवला आणि आठ बार काहीच वाजवलं नाही. त्या आठ बारांत सोलो एकदम उघडा पडला, वाजवणारा ताठ बसला आणि त्याचं वाजवणं बदललं. ठरवलेलं किती, हा तुमचा प्रश्न ना? असं ठरवता येत नाही. साथीदारानं नुकतंच ऐकलेलं काही परत दिलं, की समजा ते तिथंच जन्मलं आहे.

या बाबतीत माझं दैवत गिटारवादक जिम हॉल. १९६२ मध्ये पियानोवादक बिल इव्हान्सबरोबर त्यानं नुसत्या दोन वाद्यांचं ध्वनिमुद्रण केलं. बेस नाही, ड्रम नाही. दोन्ही कॉर्ड वाजवणारी वाद्यं, म्हणजे टक्कर ठरलेलीच. ती होत नाही. इव्हान्सचा डावा हात कुठे थांबतो आणि हॉल तिथे कसा शिरतो, हे पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखं आहे. १९९९ मध्ये हॉलचा आणि गिटारवादक पॅट मेथिनीचा अल्बम आला. मेथिनी त्याच्याहून २४ वर्षांनी धाकटा. त्यात काही तुकडे कुठलीच चाल न घेता वाजवलेले आहेत. तरीही दोघं एकमेकांना कुठे सोडत नाहीत.

मला न आवडणारं एक वाजवणं आहे, तेही स्पष्ट लिहिते. मैफलीच्या शेवटी सगळे मिळून वेगाची शर्यत लावतात. प्रेक्षक खूश होतात, पण ऐकणं त्या क्षणी बंद पडलेलं असतं. प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघत असतो. अशा वेळी मी डोळे मिटून बेसवाल्याकडे जाते.

तुम्ही असं करा. एकच चाल घ्या, तिघांपैकी कुणाचीही. पहिल्यांदा फक्त आवर्तन मोजा आणि ब्रिज आला की टेबलावर टिचकी मारा. दुसऱ्यांदा फक्त साथ ऐका, सोलो मुद्दाम मागे टाका; हे सुरुवातीला जमत नाही, मग एकदम जमतं. तिसऱ्यांदा काही ठरवू नका. शेवटाकडे ते चार-चार बार वाटून घेतात, एकाचे चार, दुसऱ्याचे चार, तिथे तुम्हाला जुगलबंदीची आठवण येईल आणि घरी आल्यासारखं वाटेल.

प्रश्न : ज्येष्ठ वादक त्याच त्या जागा वर्षानुवर्षं घेतात असं दिसतं. मग त्याला उत्स्फूर्त कसं म्हणायचं?

उत्तर : जागा त्याच असतात, हे खरं आहे. प्रत्येकाचा आपला साठा असतो आणि तो बहुधा कुणाकडून तरी आलेला असतो. केसेल आणि एलिस दोघंही गिटारवादक चार्ली ख्रिश्चनला ऐकून घडले. ख्रिश्चन १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि १९४२ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी गेला. एवढ्याशा काळात त्यानं जे वाजवून ठेवलं, ते पुढच्या गिटारवादकांच्या बोटांत उतरलं. या दोघांत त्याची एखादी ओळ ऐकू आली की मला आनंदच होतो.

पण एकाच वादकाचं एकाच चालीचं वादन दोन वेगवेगळ्या मैफलींतून ऐकून बघा. तीच जागा एकदा बारच्या पहिल्या मात्रेवर येते, दुसऱ्यांदा तिसऱ्या मात्रेच्या मागून; एकदा पूर्ण होते, एकदा सोबत्यानं मध्येच कॉर्ड दिला म्हणून अर्ध्यावर वळते. सुचणं आहे ते या वळण्यात.

वयाचं म्हणाल तर हात मंदावतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०१३ मध्ये जिम हॉल न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात वाजवायला आला तेव्हा ८२ वर्षांचा होता आणि त्याच्या बरोबर २५ वर्षांचा गिटारवादक ज्युलियन लाझ होता. त्याच वर्षी डिसेंबरात हॉल गेला. असा ज्येष्ठ वादक कमी स्वर घेतो, पण ते कुठे घ्यायचे याबद्दल त्याला जराही शंका नसते. धाकट्याचा हात कितीही पळू शकत असला तरी तोही थांबून ऐकतो.

प्रश्न : माझा मुलगा रॉक वाजवतो. जॅझ गिटारचा आवाज दबका आणि बसका असतो, असं त्याचं म्हणणं आहे.

उत्तर : त्याच्या कानांची तक्रार बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा बदलायला हवा. जॅझवाल्यांची पसंती बहुधा पोकळ अंगाच्या गिटारला. जाड तारा, त्यांवरचं वेटोळं सपाट आणि गुळगुळीत, मानेजवळचा पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) आणि टोनचं बटण बरंचसं बंद. स्वर गोल येतो आणि लवकर विरतो. आवाज फार वाढवला तर पोकळ अंग घुमून शिट्टी मारू लागतं, म्हणून तो बेतानंच ठेवावा लागतो. १९३६ मध्ये गिब्सननं ईएस-१५० ही विजेची गिटार आणली, ती पितळी वाद्यांच्या गर्दीत गिटार ऐकू यावी यासाठी. ख्रिश्चननं तीच हातात घेतली.

लवकर विरणं हा दोन गिटारींच्या मैफलीत मोठा आधार असतो. स्वर संपतो, फट राहते, त्या फटीत दुसरा बोलतो. तुमच्या मुलाला त्याच्याच गिटारवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारी सोय) बंद करून, टोन उतरवून एखाद्या मित्राला साथ करायला सांगा. कॉर्ड दोन-दोन स्वरांचे. त्याला फार बोलून पटवावं लागणार नाही.

प्रश्न : सोलो संपल्यावर मध्येच टाळी वाजवावी का? मला संकोच वाटतो.

उत्तर : जरूर वाजवा, तिथली रीतच आहे. फक्त नुसत्या गिटारींची मैफल असेल तर टाळी आखूड ठेवा, कारण पुढच्याची पहिली ओळ तिच्याखाली जाते आणि बहुतेक वेळा ती आधीच्याला दिलेलं उत्तर असते. बेसचा सोलो सुरू झाला की शेजाऱ्याशी बोलायला मात्र सुरुवात करू नका. गिटारवाले तेव्हा सगळ्यांत हळू साथ करतात, आणि ती ऐकायला मिळायची वेळ तीच असते.