४एक्स एमएसएए चालू आहे, तरी झाडांची पानं दातेरी का दिसतात?

कारण एमएसएए (थ्रीडी चित्रातल्या दातेरी कडा मऊ करणारं तंत्र) फक्त त्रिकोणांच्या, म्हणजे ज्यांनी आकार बनतो त्या तुकड्यांच्या, कडा बघतं. पिक्सेलमागे ४ नमुने घेतले, तरी फ्रॅगमेंट शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) त्रिकोणामागे पिक्सेलला एकदाच चालतो. तुमचं पान म्हणजे साधा चौकोन, त्यावर पारदर्शक टेक्श्चर (चिकटवलेलं चित्र). पानाची कड ठरते शेडरमधल्या 'डिस्कार्ड'ने, म्हणजे पिक्सेल एक तर पूर्ण राहतो नाहीतर पूर्ण जातो. मग पायऱ्या दिसणारच. ८एक्स करून काही होणार नाही, उगाच मेमरी जाईल.

डिस्कार्ड काढा आणि अल्फा-टू-कव्हरेज (अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, बघून पिक्सेलचे किती नमुने भरायचे ते ठरवणारी सोय) चालू करा. अल्फा ०.५ असेल तर ४ पैकी साधारण २ नमुने भरले जातात आणि कड मऊ होते. पण नुसतं एवढंच केलंत तर पानं धुरकट दिसतील, कारण टेक्श्चरमधला अल्फा बरेच पिक्सेल रेंगाळत उतरतो. म्हणून शेडरमध्ये अल्फातून ०.५ वजा करा, उत्तराला एफविड्थ(अल्फा)ने भागा (शेजारच्या पिक्सेलपर्यंत अल्फा किती बदलतो ते सांगणारं फंक्शन; शून्याने भागाकार नको, किमान ०.०००१ धरा) आणि परत ०.५ मिळवा. उतार एका पिक्सेलात आटपतो.

लांबची झाडं विरळ दिसली तर दोष मिपमॅपचा (लांबून बघताना वापरल्या जाणाऱ्या टेक्श्चरच्या लहान लहान प्रती): सरासरीत अल्फा ०.५ खाली जातो. प्रत्येक पातळीला अल्फा थोडा वाढवून घ्या.