लिनक्स सोडून बीएसडीकडे जावं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या छोट्या ऑफिसात सेंटओएस 7 या लिनक्सवर साम्बा फाइल सर्व्हर आणि पोस्टग्रेस डेटाबेस आहे. सेंटओएस बंद झालं. पुन्हा लिनक्सच घ्यावं की या निमित्ताने फ्रीबीएसडीवर (बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर) जावं? (नाशिक)

सेंटओएस 7 चे अपडेट 30 जून 2024 ला थांबले. म्हणजे हलायला तर हवंच, आणि तेही लवकर.

साम्बा आणि पोस्टग्रेस दोन्ही फ्रीबीएसडीवर उत्तम चालतात. तुमच्या कामासाठी त्याची खरी ताकद आहे झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी त्याची फाइल सिस्टिम. 2008 पासून ते या सिस्टिमचा भाग आहे, इन्स्टॉल करतानाच निवडता येतं, वेगळं काही जोडावं लागत नाही. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवला जात असल्याने डिस्कवर गुपचूप बिघडलेली फाइल पकडली जाते आणि डिस्कची जोडी असेल तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्तही होते. कुणी चुकून फोल्डर उडवला तर सकाळच्या स्नॅपशॉटमधून (त्या वेळच्या गोठवलेल्या प्रतीतून) तो परत काढता येतो. अपग्रेडच्या आधी बूट एन्व्हायर्नमेंट (चालू सिस्टिमची बूट करता येणारी प्रत) करून ठेवलं आणि नवी आवृत्ती रुसली, तर बूट मेनूत जुनं निवडायचं. पाच मिनिटांत ऑफिस पुन्हा सुरू. माझ्या मते फाइल सर्व्हरसाठी ही एवढी एक सोय स्थलांतराचे कष्ट वसूल करते.

आता कष्टांचं बघू. सेंटओएस 7 ची नेहमीची फाइल सिस्टिम एक्सएफएस. ती फ्रीबीएसडी मुळात वाचत नाही. त्यामुळे डिस्क काढून नव्या मशीनला लावली असं होणार नाही, सगळा डेटा नेटवर्कवरून आरसिंकने (फायली नकलणाऱ्या साधनाने) न्यावा लागेल. पोस्टग्रेसचा डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) वेगळा घ्या. हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क जोडून एक म्हणून दाखवणारं) असेल तर झेडएफएसला डिस्क थेट दिसतील अशी व्यवस्था करा. शिवाय तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी मोडतील. बॅश (स्क्रिप्ट चालवणारा लिनक्सचा नेहमीचा शेल) तिथे मुळात नसतं, पॅकेज घातल्यावर ते 'यूएसआर-लोकल'खाली बसतं. त्यामुळे 'बिन'मधला बॅश मागणारी पहिली ओळ अडते. मजकूर बदलणाऱ्या 'सेड' आज्ञेचा 'वजा आय' पर्याय बॅकअप फाइलचं शेपूट मागतो. ते दिलं नाही तर तुमची बदलाची सूचनाच शेपूट समजली जाते आणि आज्ञा चुकते. या गोष्टी दुरुस्त व्हायला सोप्या आहेत, पण रात्रीचा बॅकअप चालला नाही हे महिन्याने कळू नये म्हणून आधीच तपासा.

आधाराचं वेळापत्रकही बघा. सेंटओएसच्या जागी घेता येणाऱ्या आल्मालिनक्स 9 ला सुरक्षा दुरुस्त्या मे 2032 पर्यंत मिळणार आहेत. फ्रीबीएसडीत पुढची पॉइंट आवृत्ती (मोठ्या आवृत्तीतली छोटी) आली की तीन महिन्यांत आधीच्या आवृत्तीचा आधार संपतो. म्हणजे अपग्रेड नेमाने करत राहावं लागतं. ते करणारा माणूस ऑफिसात आहे का? तुम्ही रजेवर असताना कोण बघणार? लिनक्स जाणणारा माणूस नाशकात सहज मिळेल, फ्रीबीएसडीवाला शोधावा लागेल. असा माणूस नसेल, किंवा सर्व्हरवर डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) चालणारं काही असेल, तर आल्मा किंवा तसंच रॉकी लिनक्स घ्या. फ्रीबीएसडीकडे 2000 पासून जेल (प्रोग्रॅम वेगळे कोंडून चालवायची सोय) आहेत आणि ते फार चांगले आहेत, पण डॉकरसाठी शेवटी आत लिनक्सचं व्हर्च्युअल मशीनच चालवावं लागतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर उबुंटू आहे. सिस्टमडी (सिस्टिम सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) मला पटत नाही, म्हणून फ्रीबीएसडी टाकावं म्हणतो. प्रोजेक्ट एनव्हिडियाच्या कुडावर (ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवायच्या प्लॅटफॉर्मवर) आहे. (पुणे)

मग लॅपटॉपवर नको. एनव्हिडियाचा डिस्प्ले ड्रायव्हर फ्रीबीएसडीसाठी मिळतो, पण कुडा एनव्हिडिया अधिकृतपणे देत नाही. प्रोजेक्ट ऐन सबमिशनच्या तोंडावर अडकेल. वाय-फाय आणि स्लीप मोडचे प्रश्न वेगळेच.

तक्रार फक्त सिस्टमडीची असेल तर त्यासाठी लिनक्स सोडायची गरज नाही. डेबियनने 2015 मध्ये आठव्या आवृत्तीत सिस्टमडी स्वीकारलं, त्याच वादातून सिस्टमडीशिवायचं देवुआन निघालं. व्हॉइड आणि अल्पाइन ही तशीच लिनक्सही आहेत. पण फ्रीबीएसडी शिकायची इच्छा असेल तर ती मारू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका आणि हँडबुक समोर ठेवून नेटवर्क, जेल, पीएफ फायरवॉल हाताने उभं करा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि मूळ साधनं एकाच सोर्स ट्रीमध्ये असल्याने सिस्टिम आतून कशी बांधली आहे हे तिथे फार स्वच्छ दिसतं. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर याच सिस्टिमवर चालवतं, तेव्हा हे शिकणं वाया जाणारं नाही.

प्रश्न : आमचं डीटीपीचं काम आहे. विंडोज 10 चा आधार संपला. लिनक्स किंवा बीएसडीवर मराठी नीट चालेल का? (सांगली)

युनिकोड मराठी दोन्हीकडे छान चालतं. नोटोचे देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड टाकला की जोडाक्षरं नीट उमटतात. तुमची अडचण जुन्या फायलींची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पत्रिका, अहवाल, पेजमेकरची पानं हे सगळं विंडोजच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं असतं. ते काम रोज येत असेल तर विंडोज 11 घ्या. ऑफिसातला पत्रव्यवहाराचा दुसरा संगणक मात्र बिनधास्त लिनक्सवर न्या.

प्रश्न : घरच्या राउटरऐवजी जुन्या पीसीवर ओपनबीएसडी (सुरक्षेवर भर देणारी बीएसडी) टाकायचा विचार आहे. फायबरचं कनेक्शन पीपीपीओई (लॉगिन करून जोडलं जाणारं) आहे. (पणजी)

हे जरूर करा. पीएफ फायरवॉल तिथेच जन्मली, दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करणारं ओपनएसएसएच त्याच मंडळींचं. नियमांची फाइल वाचली तरी समजते. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि शेवटच्या दोनच आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात, पण 'सिसअपग्रेड'मुळे ते काम एका आज्ञेचं झालंय.

पीसीला दोन लॅन पोर्ट हवेत. वाय-फायचं काम त्याच्यावर टाकू नका, वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. आणि पीपीपीओईत एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) 1492 होतो हे लक्षात ठेवा. पीएफमध्ये कमाल एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचं माप) 1440 वर बांधला नाही तर काही साइट झटकन उघडतील आणि काही नुसत्या फिरत राहतील. मग तुम्ही विनाकारण डीएनएसला (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेला) दोष देत बसाल. जुना राउटर त्याच्या सेटिंगसकट महिनाभर तसाच राहू द्या, घरच्यांची ऑनलाइन मीटिंग तुमच्या प्रयोगावर अवलंबून राहायला नको.