विचारा डॉक्टरकाकूंना : मुलगा म्हणतो, बाबा, कॅरिबूच्या शिकारीला चला

प्रश्न : काकू, मी ५८ वर्षांचा, सुदामानगरात राहतो. मुलगा सिअ‍ॅटलला एच-वन-बीवर नोकरीला आहे. त्याचा एक अमेरिकन मित्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अलास्काला कॅरिबूच्या, म्हणजे तिथल्या रानटी रेनडियरच्या, शिकारीला चाललाय, आणि दोघं मला 'चलाच' म्हणतायत. फेअरबँक्सहून भाड्याच्या गाडीने डाल्टन हायवेने उत्तरेला जायचं, रायफलने शिकार करायची, असा बेत आहे. आमच्या आजोबांना शिकारीचा नाद होता. त्यांची दुनळी घरात आहे, लायसन्स माझ्या नावावर. ती नेता येईल का? शिंगं इंदूरला आणता येतील का? तुम्ही मुलीकडे राहून हे सगळं पाहून आलात, म्हणून विचारतो.
ता. क. सौ. म्हणते, मीही येणार. तिचे गुडघे दुखतात.

उत्तर : दादा, दुनळी राहू द्या, आधी तुमचा आणि चिरंजीवांचा पासपोर्ट टेबलावर ठेवा. त्या मित्राने नियमांचं पुस्तक वाचलंय ते स्वतःपुरतं. तो अमेरिकन नागरिक, त्यामुळे कॅरिबूसाठी त्याला गाईड लागत नाही. तुम्ही दोघं भारतीय नागरिक, अलास्काचे रहिवासी नाही. अशांनी तिथे कुठलंही मोठं जनावर मारायचं तर परवानाधारक गाईड बरोबर असलाच पाहिजे. मित्र चालत नाही, त्याचे काका चालत नाहीत. आणि गाईडचा खर्च ऐकलात तर सुदामानगरातला एखादा मजला विकायला काढाल. माझा जावई तिथे बरीच वर्षं कायमचा राहतोय म्हणून त्याला ही अट नव्हती.

दुसरी गोष्ट, डाल्टन हायवे. हा रस्ता तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधलेला, ४१४ मैलांचा, बराचसा खडीचा. युकॉन नदीच्या उत्तरेला त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैल बंदुकीने शिकार करायला बंदी आहे. त्या पट्ट्यात फक्त धनुष्यबाण, आणि त्याचंही प्रमाणपत्र लागतं. म्हणजे रायफल हवी असेल तर आधी पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, आत चालायचं. टुंड्रात, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या ओलसर माळावर, आठ किलोमीटर म्हणजे राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत फिरून येणं नव्हे. जमिनीवर गवताचे डोक्याएवढे गठ्ठे असतात. त्यावर पाय ठेवला तर डुलतो, मध्ये ठेवला तर घोटाभर पाण्यात जातो. मी पहिल्या अर्ध्या तासात तीनदा बसले, एकदाही माझ्या मर्जीने नाही.

आता गणित करा. मोठा नर १६० ते १८० किलोचा. कायद्याने मान, बरगड्या, पुढचे-मागचे पाय, पाठ, सगळं खाण्याजोगं मांस उचलावं लागतं. शिंगं आधी गाडीत टाकून मांस मागाहून, हेही चालत नाही. तिघांनी दोन खेपा केल्या तरी माणशी बत्तीस किलोमीटर, त्यातले सोळा पाठीवर ओझं घेऊन. गोळी झाडायला एक सेकंद लागतो, बाकी सगळी हमाली आहे भिया.

आमचा नर रस्त्यापासून जेमतेम दीड किलोमीटरवर पडला होता. जावयाचं धनुष्य कप्प्या लावलेलं. तो ते घेऊन निघाला तेव्हा मला लहानपणची रामलीला आठवली. पण सकाळभर बाण सुटलाच नाही. चालतं कॅरिबू माणसाला गाठता येत नाही. ते सहज चरत निघालंय असं वाटतं आणि आपण धापा टाकत मागे राहतो. म्हणून दुर्बीण लावून, ते कुठून येणार हे ओळखून, वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशा जागी बसून राहायचं. दुपारी एक टोळी इतकी जवळून गेली की त्यांच्या पायांचा आवाज आला, कट्-कट्-कट्, कोणी बोटं मोडत चालल्यासारखा. ती पायाची शीर हाडावरून सरकते त्याचा आवाज. एकतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली, पण असा आवाज कुठल्या बैलाच्या पायातून ऐकला नव्हता.

कातडं सोलताना माझा उपयोग झाला. पाठीच्या कातड्याच्या आतल्या बाजूला बारीक पांढरे ठिपके होते. ती एका माशीची अळी. मांसाला त्याने काही होत नाही. स्नायूत तांदळाएवढे पांढरे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे. नीट शिजवलं की माणसाला धोका नाही, पण कुत्र्याला कच्चं घालू नका. मांस प्लॅस्टिकमध्ये भरू नका, आंबतं. सुती पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगा. पहिला आठवडा निवडलात ते बरं केलंत. सप्टेंबर संपत आला की नर माजावर येतात आणि मांसाला असा वास सुटतो की शेजारी तक्रार करतील.

दुनळी घरीच ठेवा. अमेरिकेत बंदूक न्यायला आगाऊ परवानगी, इथून बाहेर काढायला वेगळे कागद, आणि छऱ्याची बंदूक तिथे कामाचीही नाही. शिंगं मुलाच्या घरी राहू द्या. वन्यप्राण्याचा अवयव देशात आणायचा तर परवानग्यांच्या फेऱ्यात निवृत्ती संपेल.

नियम मात्र तिथल्या फिश अँड गेम खात्याच्या यंदाच्या पुस्तिकेतच बघा, कुणाच्या जुन्या आठवणींवर जाऊ नका. कळप घटतात तसे नियम बदलतात. अलास्कातला पश्चिम आर्क्टिकचा कळप २००३ मध्ये ४ लाख ९० हजारांचा होता, २०२३ च्या मोजणीत १ लाख ५२ हजार भरला. कॅनडात क्यूबेकने तर २०१८ पासून हौशी शिकार बंदच केली. तिथला जॉर्ज नदीचा कळप लाखांवरून काही हजारांवर आला होता.

माझं मत विचाराल तर जा, पण बंदुकीशिवाय. मित्राला शिकार करू द्या, तुम्ही दोघं ओझं उचला. तेही मित्राने आत जाण्याचा हट्ट सोडला, धनुष्य शिकला, तरच. भाड्याची गाडी घेताना त्या रस्त्यावर चालेल असं लिहून घ्या, बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. दोन जादा टायर घ्या. वाटेत कोल्डफूट नावाचा थांबा आहे, तिथे टाकी भरा, त्यापुढे २४० मैल पंप नाही, फोनही नाही.

वहिनींना जरूर न्या. त्यांनी गाडीजवळ थांबावं, स्टोव्ह त्यांच्या ताब्यात. आम्ही परतलो तेव्हा माझ्या मुलीने मेतकूट-भात तयार ठेवला होता, तो मी उभ्यानेच खाल्ला. एवढंच, की लवंगाची शेव डब्यात घट्ट बंद करून गाडीत ठेवायची, तंबूत नाही. तिथे अस्वलं आहेत, आणि आपली शेव मैलभरावरून कळते.