बॉबी कीज रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचे सदस्य होते का? नसतील, तर अशा वादकाचा चरितार्थ कसा चालत असे?

नाही, बॉबी कीज अधिकृत सदस्य कधीच नव्हते. टेक्सासमधल्या स्लेटन गावी 1943 साली जन्मलेला हा माणूस 1969 पासून स्टोन्सच्या रेकॉर्डिंगमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवू लागला आणि मधली काही वर्षे वगळता 2014 पर्यंत त्यांच्या दौऱ्यांवरही जात राहिला. तरीही हिशेबात ते पाहुणे साजिंदेच होते. अमेरिकेत वादकांच्या संघटनेच्या दराने साधारण तीन तासांच्या सेशनचे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बैठकीचे, मानधन मिळे. गाण्याच्या रचनेची रॉयल्टी मात्र ज्यांच्या नावावर ती नोंदलेली असे त्यांच्याकडे जाई. स्टोन्सच्या ‘ब्राउन शुगर’मधल्या कीज यांच्या सोलोशिवाय, म्हणजे एकट्याच्या वादनाशिवाय, ते गाणे आठवतच नाही, पण रचनाकार म्हणून नावे बँडचे गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांचीच आहेत. मला हा अन्याय वाटतो.

त्यामुळे अशा वादकाला एका बँडवर विसंबून चालत नसे. 1970 मध्ये कीज गायक जो कॉकर यांच्या दौऱ्यावर होते, त्याच वर्षी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसन यांच्या अल्बमवरही त्यांनी वाजवले, आणि 1974 मध्ये जॉन लेनन यांच्या ‘व्हॉटएव्हर गेट्स यू थ्रू द नाइट’मध्ये त्यांचा सॅक्सोफोन पहिल्यापासून शेवटपर्यंत धावतो, ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

मी हौसेने टेनर वाजवतो, म्हणून एक अडचण सांगतो. गिटारवाल्यांना ई आणि ए या पट्ट्या सोयीच्या, कारण त्यांच्या मोकळ्या ताराच तशा लावलेल्या असतात. टेनर हे बी-फ्लॅटचे वाद्य, म्हणजे त्यावर सी वाजवला की बी-फ्लॅट ऐकू येतो; त्यामुळे त्यांची ई पट्टी आमच्यासाठी एफ-शार्प होते, म्हणजे सहा शार्प (अर्धा स्वर चढवलेले सूर), आणि ए पट्टीत पाच. अशा पट्टीत बोटे अडखळू न देता, गायकाची ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्या इवल्याशा फटीत दोन-चार सूर नेमके बसवणे हेच या साजिंद्याचे खरे काम असते.

स्टोन्सचे ‘कान्ट यू हिअर मी नॉकिंग’ हेडफोन लावून ऐकावे. गाण्याचा ठरलेला भाग तीन मिनिटांच्या आतच संपतो, पण टेप चालू राहिलेली असते. काँगा या हाताने वाजवायच्या ढोलाचा ठेका उरतो, आणि त्यावर कीज यांचा खरखरीत, भरदार आवाज काहीही ठरलेले नसताना आत शिरतो.